पाच वर्षांच्या लेकीसाठी ससा आणावा का? तुमचे अनुभव लिहा

लेक जूनमध्ये पाचची झाली. तिच्या मैत्रिणीकडे ससा आल्यापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. कुत्रा म्हटलं की सोसायटीत कटकट, मांजराची सासूबाईंना ॲलर्जी, तेव्हा ससा बरा असं मला वाटतंय. आवाज नाही, पाला खातो, पिंजऱ्यात राहतो. दुकानदार म्हणाला, "काही करावं लागत नाही ताई, गाजर टाकायचं." नवरा म्हणतो, विकणाराच असं म्हणतोय म्हणजे नक्की काहीतरी करावं लागत असणार. लहान मूल आणि ससा दोन्ही सांभाळलेल्यांनी कृपया लिहा. आम्ही पुण्यात, दुसरा मजला, दोन बेडरूम.

ठाण्याहून
आमच्याकडे ससा आला तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. पहिले चार दिवस नुसता उचलायचा हट्ट. सशाला उचललेलं आवडत नाही हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. जमिनीवरून आपल्याला वर उचलणारी गोष्ट त्याच्या लेखी घार. मग तो मागचे पाय जीव खाऊन झाडतो, आणि त्या झटक्यात त्याचाच मणका मोडू शकतो. आमचा सोफ्याच्या उंचीवरून पडला, नशिबाने वाचला. त्या दिवसापासून नियम केला: उचलायचं नाही, कान धरायचे नाहीत, फरशीवर बसायचं आणि तो येईल तेव्हा येईल.

मुलगा रोज संध्याकाळी कोथिंबिरीची एक काडी धरून फरशीवर पालथा पडून राहायचा. सशाचं आपलं कपाटाखालून नाक हलवणं चालू. अकराव्या दिवशी आला, काडी हिसकावली आणि पुन्हा कपाटाखाली. एरवी इमारत डोक्यावर घेणारं हे पोर त्या वेळी फक्त ओठ हलवून "आई" म्हणालं. त्यासाठी आणा. पण मांडीवर बसवून फोटो काढता येईल या आशेने आणणार असाल तर मऊ खेळणं बरं.

नागपूरहून
आमच्याकडे मेमध्ये पारा ४५ ला जातो. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता बाहेर टाकायची ती मुख्यतः कानांतून. तिशीच्या वर पारा गेला की तो हैराण होतो. शहाबादी फरशीचा तुकडा, फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली, कूलर, सगळं करत होतो. एका दुपारी आम्ही लग्नाला गेलो आणि इकडे लाइट गेली. परत आलो तेव्हा उशीर झाला होता. मुलीला आम्ही "गावाला पाठवला" असं सांगितलं. ती आता नऊची आहे, खरं काय ते तिला कळलंय, आणि त्या थापेबद्दल तिने आम्हाला अजून माफ केलेलं नाही.

कोल्हापुरातून
"दोन्ही माद्या हायेत, बिनधास्त न्या." पिल्लांमध्ये नर-मादी ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही, ते आम्हाला महिनाभराने समजलं. सशाचा गर्भ साधारण ३१ दिवसांचा. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात मादीने स्वतःच्या अंगाची लव उपटून गादी केली आणि तीत सहा उघडी, डोळे मिटलेली, करंगळीएवढी पिल्लं. आम्ही कौतुकात. व्यायल्याच्या दिवशीच ती पुन्हा गाभण राहू शकते हे कोणाला माहीत! पुढच्या महिन्यात आणखी पाच. दोनाचे तेरा झाले. मग मावशी, दूधवाला, चित्रकलेच्या क्लासच्या बाई, कुणाला सोडलं नाही. एकच आणा, नाहीतर आधी शस्त्रक्रिया करून घ्या.

एक प्राण्यांची डॉक्टर, नाशिक
त्या दुकानदाराच्या गाजराविषयी. गाजर म्हणजे सशाचा पेढा. कधीतरी, एक फोड. त्याचं जेवण म्हणजे गवत, सुकं गवत, दिवसभर आणि भरपूर. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजतात गवत चावूनच. गणपतीत दुर्वांच्या जुड्या मिळतात, त्याही धुऊन द्या. लसूणघास हा हिरवा चारा वाढत्या पिल्लाला चालतो, पण सहा-सात महिन्यांनंतर रोज नको. त्यात कॅल्शियम जास्त, मूतखड्याची भीती.

सशाला उलटी होत नाही. दहा-बारा तास त्याने काही खाल्लं नसेल, लेंड्या पडल्या नसतील, तर सकाळची वाट बघू नका, तसेच निघा. आणि घरातली औषधं स्वतःच्या मनाने देऊ नका. मुलांना सर्रास देतात ते अमॉक्सिसिलिन सशाच्या पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं. कुत्र्याच्या पिसवांवरचं फिप्रोनिल तर मुळीच लावू नका. आणण्याआधी एक फोन करा: जवळचे डॉक्टर ससे तपासतात का? बरेच जण फक्त कुत्री-मांजरं बघतात.

डोंबिवलीहून
कुरतडलेले चार्जर. सात.

सातारा जिल्हा, गाव सांगत नाही
थोडं विषयाला सोडून. ऊसतोडीत रानसशाची पिल्लं सापडतात आणि पोरं ती घरी आणतात. मीही लहानपणी आणलं होतं, दोन दिवसांत मेलं. रानससा वेगळा, दुकानातला वेगळा. रानसशाचं पिल्लू जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांचं असतं. आई जवळ दिसत नाही म्हणून ते पोरकं नसतं, ती दिवसातून एखाद्या वेळीच पाजायला येते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते पाळताही येत नाही. जिथं दिसलं तिथंच राहू द्या.

लीड्सहून (इंग्लंड)
इथे सशांनाही दरवर्षी लस असते आणि ससे जोडीने ठेवा असा सल्ला देतात. आमच्या जोडीचं बिल बघून आईने फोनवर विचारलं, "ससे आहेत की जावई?"

पुन्हा डोंबिवली
मघाशी घाईत होते. आमचा ससा नऊ वर्षांचा आहे. जिच्यासाठी आणला ती आता हॉस्टेलला, आणि ससा माझ्याकडे. रात्री साडेदहा वाजले आणि हॉलचा दिवा चालूच असला की मागचा पाय फरशीवर असा आपटतो की खालच्यांनी एकदा विचारलं, मिक्सर लावता का? ताई, लेकीचं वय आणि सशाचं वय एकदा कागदावर मांडा. पुढली दहा वर्षं गवत कोण भरणार, ते आत्ताच दिसेल.

मूळ प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार. दुकानात अजून गेलो नाही. डॉक्टरांना फोन केला: पहिले दोघे ससे बघत नाहीत, तिसरे बघतात, पण आमच्यापासून चौदा किलोमीटरवर. नवरा खूश आहे, त्याचंच बरोबर निघालं. लेकीला ठाण्याच्या ताईंचा अनुभव वाचून दाखवला. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी कोथिंबिरीची काडी धरून फरशीवर पालथी पडते, समोर कापडी ससा ठेवून. आज सहावा दिवस. म्हणते, अजून पाच दिवस आहेत.