एस५-११५यू चं जुनं पॅनल: स्पेअर गोळा करत राहू की सगळंच बदलू?

शिफ्टइनचार्ज

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आमच्या बॅचिंग-मिक्सिंगच्या लाइनवर सीमेन्सचा एस५-११५यू पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) आहे, सीपीयू ९४४, मेन रॅक (कार्डं बसवायची चौकट) आणि थोडं लांब दुसऱ्या पॅनलमधे एक एक्सपान्शन रॅक, त्याला स्वतःचा पॉवर सप्लाय. ऑपरेटरसाठी डॉसवरचा पीसी आहे, त्यात आयएसए स्लॉटमधे कम्युनिकेशनचं कार्ड. इतकी वर्षं कुणी हात लावला नाही कारण चालत होतं.

आता हल्ली मधेच सीपीयू स्टॉपला जातो. स्विच रनला टाकला की परत सुरू, मग काही दिवस गप्प. मेन पॉवर सप्लायवरचा बॅटरीचा दिवाही लागलाय. वरचे लोक म्हणतात जुन्या बाजारातून एक अख्खा सेट घेऊन ठेवा आणि एकेक करत सगळी कार्डं बदला. दुसरीकडे एक इंटिग्रेटर (ऑटोमेशनची कामं करून देणारा) म्हणतो की थेट सीमेन्सच्याच नव्या एस७-१५०० पीएलसीवर न्या, प्रोग्राम सॉफ्टवेअरच कन्व्हर्ट करतं, दोन दिवसांचं काम. प्रोग्राम ज्यांनी लिहिला ते कधीच रिटायर झाले, ड्रॉइंग अर्धवट आहेत आणि बॅकअप आहे की नाही हे कुणालाच माहीत नाही. सुरुवात कुठून करू?

पॅनलकाका

आधी एक सांगतो, तो मेन पॉवर सप्लाय बदलायला म्हणून आज काढू नका. ११५यू मधे बॅकअपची बॅटरी पॉवर सप्लायच्या मॉड्यूलमधेच बसते. मॉड्यूल बाहेर ओढलं की सीपीयूच्या रॅमला आधार उरत नाही आणि प्रोग्राम फक्त रॅममधेच असेल तर गेला, संपला विषय. एका प्लांटमधे हे डोळ्यांनी पाहिलंय, नवा सप्लाय बसवला, सगळे दिवे हिरवे, आणि सीपीयू कोरा करकरीत.

सीपीयूवर मेमरीचं सबमॉड्यूल लावलंय का ते बघा. ईप्रॉम (पॉवर नसतानाही प्रोग्राम धरून ठेवणारी चिप) असेल तर थोडा दिलासा, कारण बॅटरी नसताना पॉवर आली तरी प्रोग्राम तिथून परत लोड होतो. पण नुसत्या ईप्रॉमवर विसंबू नका. रेसिपी, सेटपॉइंट, टायमरची बदललेली मूल्यं वगैरे चालू डेटा ब्लॉकमधे (प्रोग्रामचे आकडे ठेवायचे कप्पे) रॅमवर असतात, आणि ईप्रॉममधे आहेत ती ज्या दिवशी त्या चिपवर प्रोग्राम लिहिला त्या दिवशीची. मशीन चालेल हो, पण माल जुन्या मापाने पडेल आणि कुणाला लगेच कळणारही नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा की बॅटरी बदला ती सप्लाय चालू असतानाच, पोलॅरिटी बघून. मग स्टेप ५ (एस५ चं प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर) असलेला लॅपटॉप किंवा जुना पीजी (सीमेन्सचा प्रोग्रामिंगचा संगणक) मिळवा आणि सगळे ब्लॉक उतरवून घ्या, डेटा ब्लॉकसकट. ११५यू चं पोर्ट १५ पिनी असलं तरी ते आरएस-२३२ नाही, २० मिलीॲम्पचं करंट लूप आहे, त्याला योग्य कन्व्हर्टर केबल लागते. साधी यूएसबी-सिरीयल डोंगल त्यावर जोडून कधी लागतं कधी नाही, त्या नादात अर्धा दिवस जातो, म्हणून शक्यतो खरा सिरीयल पोर्ट असलेलं जुनं यंत्रच वापरा. पीएलसीमधून येतो तो नुसता कोड असतो, कॉमेंट आणि सिम्बॉल त्यात नसतात. तेव्हा जुने संगणक, कपाटातल्या फ्लॉपी सगळं चाळा, नावाच्या शेवटी एसटी आणि एक्स्टेंशन एस५डी अशी फाइल मिळाली तर सोनं. त्याच नावाची झेड० वाली फाइल सिम्बॉलची, तीही उचला.

आणि सीपीयू स्टॉपला गेला की लगेच रनला टाकू नका राव! आधी आयस्टॅक, म्हणजे स्टॉपच्या कारणांची सीपीयूमधली नोंद, वाचा. पीएलसी स्वतः सांगतोय की का थांबलो आणि आपण ते न वाचताच पुसून टाकतो.

शिफ्टइनचार्ज

धन्यवाद काका. बॅटरी बदलली, दिवा गेला. ब्लॉक उतरवले आणि चालू प्रोग्रामशी कम्पेअर करून बघितले, जुळतात. ईप्रॉम आहे, काचेवर पिवळा पडलेला स्टिकर आहे. फ्लॉपीचा एक डबा सापडलाय पण अर्ध्या वाचल्या जात नाहीत. आणि काल परत स्टॉप आला तेव्हा आयस्टॅक बघितला, पीईयू ला खूण होती. आता हे पीईयू म्हणजे सीपीयू खराब का?

पॅनलकाका

नाही, सीपीयूला दोष देऊ नका. पीईयू म्हणजे पेरिफेरल तयार नाही, तुमच्यासारख्या रचनेत पहिला संशय एक्सपान्शन रॅकच्या सप्लायवर, नाहीतर दोन रॅकमधल्या इंटरफेस कार्डावर आणि केबलवर. मेन सप्लाय गडबडला असता तर एनएयू दिसलं असतं, एखादं कार्ड उत्तर देत नसतं तर क्यूव्हीझेड. म्हणजे अख्खा सेट घेऊन सगळी कार्डं बदलायची गरज दिसत नाही, दुसऱ्या पॅनलमधला एक सप्लाय तपासा.

सोल्डरगन

काकांशी सहमत. एक्सपान्शनचा सप्लाय उघडण्याआधी ५ व्होल्टच्या लाइनवर स्कोप (ऑसिलोस्कोप) लावा, एसी कपलिंग ठेवून. मल्टीमीटर ५.१ दाखवत राहतो आणि खाली रिपल (व्होल्टेजमधली लहर) केवढा माजलाय ते त्याला दिसतच नाही. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर आतून वाळत जातात, ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) वाढतो, मग एखादा मोठा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विजेचा स्विच) ओढला की ५ व्होल्ट क्षणभर खाली जातो, सीपीयूला वाटतं रॅक गेला. दोष मधेच येतो आणि मधेच जातो तो यामुळेच. अंदाज असा की तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून त्या पॅनलचा पंखा फिरतोय का आणि फिल्टरची जाळी पिठाने लिंपलीये का हेही बघा, बॅचिंगच्या लाइनला हमखास असते.

जुन्या बाजारातल्या "नवीन, सील पॅक" सप्लायवर भाळू नका. वर्षानुवर्षं पॉवरशिवाय पडून राहिलेल्या कपॅसिटरचा आतला ऑक्साइडचा थर कमजोर होतो, तो एकदम पूर्ण व्होल्टेजवर लावला तर तिथेच फुस्स. व्हॅरिॲकवर (व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) हळूहळू चढवून थर परत बसू द्यावा लागतो, पण स्विचमोड सप्लाय कमी इनपुटवर अडखळतो, त्यामुळे माझा सरळ मार्ग म्हणजे कपॅसिटर काढून चांगल्या प्रतीचे १०५ अंशांचे नवीन टाकायचे. मग बेंचवर डमी लोड लावून तास-दोन तास तापू द्यायचा आणि नंतरच रॅकमधे.

आता तो डॉसचा पीसी. त्याचं कुणी नाव काढत नाहीये, पण पहिला दगा तोच देणार. बंद करण्याआधी चालू असतानाच महत्त्वाच्या फाइली फ्लॉपीवर किंवा सिरीयलने बाहेर काढा, कारण वर्षानुवर्षं फिरणारी डिस्क एकदा थंड झाली की परत फिरेलच असं नाही. बायोसमधे डिस्कचे सिलिंडर, हेड, सेक्टर काय भरलेत ते कागदावर लिहून घ्या, मदरबोर्डवरची बॅटरी गेली की ते आकडे पुसले जातात आणि मग डिस्क ठणठणीत असूनही पीसी म्हणतो डिस्कच नाही. मग डिस्कची इमेज घेऊन तिच्या जागी आयडीई ॲडॉप्टरवर इंडस्ट्रियल कॉम्पॅक्टफ्लॅश लावा. पीसी बदलायची वेळ आली तर आयएसए स्लॉट असलेले इंडस्ट्रियल बोर्ड मिळतात, पण फार वेगवान घेऊ नका. ऑपरेटरचं सॉफ्टवेअर टर्बो पास्कलमधलं निघालं तर वेगवान प्रोसेसरवर सुरू होतानाच रनटाइम एरर २०० देऊन बाहेर पडेल. त्यावर पॅच आहे, पण ते आधी माहीत असलेलं बरं.

कोडवाला

आता त्या दोन दिवसांच्या कन्व्हर्जनबद्दल. एस५ चा प्रोग्राम टीआयए पोर्टलमधे (१५०० चं प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर) थेट घेता येत नाही, आधी जुन्या स्टेप ७ मधल्या एस५ कन्व्हर्टरमधून एस७-३००/४०० साठी करायचा आणि तिथून १५०० ला न्यायचा. कुणी म्हणेल ३०० वरच थांबू, तर नको, ती मालिका ऑक्टोबर २०२३ पासून बंद व्हायला लागलीये.

कन्व्हर्टर साध्या अँड-ऑरचं काम नीट करतो, रडवतात त्या बाकीच्या गोष्टी. एस५ मधे डेटा ब्लॉकचा पत्ता शब्दाने मोजतात आणि एस७ मधे बाइटने, म्हणजे डीडब्ल्यू १० चं डीबीडब्ल्यू २० होतं. थेट पत्ते टूल बदलून देतं, पण प्रोग्राम चालताना पत्ता तयार करणाऱ्या ओळी, ज्या रेसिपीच्या भागात हमखास असतात, त्या हातानेच लिहाव्या लागतात. ॲनालॉगचंही तसंच. एस५ मधे पूर्ण रेंज २०४८ आणि तीही तीन बिट डावीकडे सरकवून, खालच्या तीन बिटांत स्टेटस. एस७ मधे तीच रेंज २७६४८. कुणी एफबी२५० (ॲनालॉग आकडा वाचून मापात बसवणारा तयार ब्लॉक) न वापरता कच्चा आकडा उचलून गणित केलं असेल, तर वजन दिसेल पण चुकीचं दिसेल.

आणि वेग! जुन्या सीपीयूचा स्कॅन (प्रोग्रामची एक पूर्ण फेरी) दहा-वीस मिलिसेकंदांचा असतो, १५०० चा एखाददुसरा. घासलेल्या लिमिट स्विचची थरथर जुन्याला दिसायचीच नाही, दोन स्कॅनच्या मधे संपून जायची. नवा ती प्रत्येक थरथर पकडतो आणि बॅग मोजणारा काउंटर एका बॅगेला तीन दाखवतो. मग लोक नव्या कार्डाला शिव्या घालतात. इनपुटचा डिले वाढवा, नाहीतर ओबी१ ला (दर फेरीला चालणारा मुख्य ब्लॉक) किमान सायकल टाइम द्या आणि काउंटरच्या पुढे छोटा टायमर टाका.

आउटपुट कार्डही तपासून घ्या. जुनी १६ चॅनेलची दोन ॲम्पवाली असतील आणि कोटेशनमधे ३२ चॅनेलची अर्ध्या ॲम्पवाली लिहिली असतील, तर मोठे सोलेनॉइड त्यावर चालणार नाहीत. मधे रिले टाकावे लागतील आणि पॅनलमधे त्यांना जागा हवी. हे कोटेशनमधे कधीच नसतं.

शिफ्टइनचार्ज

स्कोप लावला. एक्सपान्शनच्या ५ व्होल्टवर हॉपरचा कॉन्टॅक्टर ओढला की स्पष्ट खड्डा दिसतो, आणि पंख्याची जाळी अक्षरशः भिंत झालीये. कपॅसिटर मागवलेत, तोवर जाळी साफ केली. वरच्यांना सांगितलं की अख्खा सेट नको, पण दोन्ही सप्लाय आणि इंटरफेस कार्डाचा एकेक स्पेअर तपासून घेऊ. पुढच्या मोठ्या शटडाऊनला १५०० ला जायचं तर एकाच दमात की तुकड्या-तुकड्याने?

कोडवाला

ते तुमच्या वायरिंगवर ठरतं. इन्सुलेशन कडक झालं असेल तर प्रत्येक वायर एकदाच हलवा, म्हणजे एकाच दमात. पण जुना रॅक भंगारात काढायचा नाही, फ्रंट कनेक्टर वायरसकट सोडवून बाजूला बांधायचे आणि नव्या कार्डांपर्यंत मधली टर्मिनल पट्टी टाकायची, म्हणजे रात्री अडलं तर कनेक्टर परत जुन्या कार्डावर चढवून सकाळची शिफ्ट निघते. इंटिग्रेटरला हे आधीच लेखी विचारा, मागे फिरायची वेळ किती वाजता ठरवलीये आणि तो निर्णय कोण घेणार. उत्तर देता आलं नाही तर दुसरा शोधा.

पॅनलकाका

एक भर घालतो. इमर्जन्सी स्टॉप आधी कुठून जातोय ते वायर धरून बघा. ड्रॉइंगमधे हार्डवायर्ड असतो आणि मधल्या काळात कुणीतरी तो एस५ च्या इनपुटवरून फिरवलेला सापडतो. तसं निघालं तर सेफ्टी रिले वेगळा टाका, आणि ते काम शटडाऊनची वाट न बघता करा.