जीडीबी रिमोट सिरियल: -बी ११५२०० देऊनही बोर्ड ढिम्म (मदत हवी आहे)

लोकलमधून फोनवर लिहितोय, त्यामुळे कमांडा देवनागरीतच. सांभाळून घ्या.

अंधेरीला एका छोट्या वर्कशॉपमध्ये कंट्रोलर बोर्ड तपासतो. आमची जुनी शेल स्क्रिप्ट जीडीबीला (प्रोग्राममधल्या चुका शोधायचा डीबगर) -बी ९६०० (सिरियल लाइनचा वेग, म्हणजे बॉड) देते आणि -ईएक्समधून (जीडीबी सुरू होताच चालवायची कमांड) 'टार्गेट रिमोट /डेव्ह/टीटीवाययूएसबी०' चालवते, म्हणजे यूएसबी-सिरियल पोर्टवरून बोर्डाला जोडते. नव्या बोर्डाचा डिबग स्टब (बोर्डावरचा, जीडीबीशी बोलणारा छोटा प्रोग्राम) ११५२०० वर बोलतो, म्हणून तेवढा आकडा बदलला. तर जोडणीच होईना. 'इग्नोरिंग पॅकेट एरर' येतं आणि मग टाइमआउट. -एल १० (उत्तराची वाट किती सेकंद बघायची) देऊन पाहिलं. एरवी दर वेळी दोन सेकंद वाट बघायचा, आता दहा सेकंद बघतो आणि मग नकार देतो, एवढाच फरक.

'सेट डीबग रिमोट १' केल्यावर दिसतं, की डॉलर चिन्हाने सुरू होणारं पॅकेट पुन्हा पुन्हा जातंय, पण पलीकडून पोचपावतीचा '+' एकदाही नाही.

केबल लॅमिंग्टन रोडची, पण तिच्यावर संशय नको: पिकोकॉम (सिरियल टर्मिनल प्रोग्राम) ११५२०० वर लावलं की बूट मेसेज स्वच्छ दिसतात. जुना बोर्ड तर आजही चालतो. दोन्ही बोर्ड वापरात आहेत, मग पर्याय लिहायचे कसे?

प्रतिसाद १:
पिकोकॉम बंद केलंत ना? दोघांनी एकच पोर्ट धरला की अर्धी अक्षरं इकडे, अर्धी तिकडे.

धागाकर्ता:
हो, बंद आहे. एफयूझर (पोर्ट कुणी धरलाय ते दाखवणारी कमांड) लावून पण पाहिलं.

प्रतिसाद २:
जोडणीआधी 'शो सिरियल बॉड' काय म्हणतं? होम फोल्डरमधली डॉट-जीडीबीइनिट (जीडीबी सुरू होताना आपोआप चालवतो ती कमांडांची फाइल) उघडून बघा. -बी आर्ग्युमेंट वाचतानाच लागू होतो, ती फाइल त्यानंतर चालते. तिच्यात वेग लिहिला असेल तर तुमच्या -बी वर बोळा फिरला. खात्रीसाठी एकदा -एनएच द्या, म्हणजे ती फाइल वगळली जाईल.

धागाकर्ता:
सापडलं! 'सेट सिरियल बॉड ९६००', तिसऱ्याच ओळीत. कुणी लिहिलं देव जाणे, मशीन माझ्याआधी तिघांनी वापरलंय. म्हणजे स्क्रिप्टमधला -बी ९६०० इतके दिवस नुसता शोभेला होता!

ती ओळ उडवली. आता स्क्रिप्ट वेग विचारते आणि 'सेट सिरियल बॉड' वेगळ्या -ईएक्सने देते, 'टार्गेट रिमोट'च्या आधी. आधी घाईत उलटा क्रम लावला होता, तेव्हा परत तोच टाइमआउट. -एल काढून टाकला.