कार्माइन म्हणजे नक्की काय? रंग की किडा??

चकलीताई: मंडळी एक शब्द अडलाय. बहीण लंडनहून आली, पोरांसाठी लाल गोळ्यांचं पाकीट आणलं, मागे अगदी बारीक अक्षरात "कार्माइन ई १२०" असं. डिक्शनरीत बघितलं तर "गडद लाल रंग" एवढंच, आणि लेक म्हणतो अगं आई तो किड्यांचा रंग असतो. सासूबाई पक्क्या शाकाहारी, त्यांनी एक गोळी ऑलरेडी तोंडात टाकलीये 😬 आणि कार्माइन, कॉचिनील, क्रिमझन हे सगळं एकच का? उच्चार कार्माइन का कार्मिन?

रंगारी_बुवा: लेक बरोबर बोलतोय हो. कॉचिनील म्हणजे तो कीटक आणि त्याला वाळवून केलेला कच्चा रंग. मेक्सिको पेरूकडे फड्या निवडुंगावर वाढवतात, रंग मादीत असतो, आणि एक पौंड मालाला साधारण ७० हजार किडे लागतात. १६व्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला तर तिकडे कितीतरी वर्षं वादच चालू होता की हे बी आहे का किडा, वाळल्यावर दिसतंच तसं. त्याच्यातलं कार्मिनिक ॲसिड काढून तुरटीसारख्या क्षाराबरोबर बसवलं की जो पक्का रंग मिळतो तो कार्माइन. क्रिमझन ही मात्र नुसती छटा, निळसर झाक असलेला लाल, त्यात किडा असलाच पाहिजे असं काही नाही. म्हणजे इंग्रजीत सूर्यास्त क्रिमझन असतो, लिपस्टिकमध्ये कार्माइन असतं (तिथे सीआय म्हणजे कलर इंडेक्स, रंगांच्या यादीतला ७५४७० असा नंबर शोधा). उच्चार दोन्ही चालतात.

शब्दवेडा: याला मराठीत चांगला शब्द आहे की, किरमिजी! अरबी किरमिझ, त्यावरून क्रिमझन पण आणि कार्माइन पण, आणि कोशकार मागे जात जात संस्कृत कृमि-ज पर्यंत पोचतात. पण लगेच "बघा सगळं आपलंच" असं कुणी सुरू करू नका, फारसीत अळीला स्वतःचा किर्म शब्द आहे, तो आपल्या कृमीचा सख्खा भाऊ, त्यामुळे कोणी कोणाकडून घेतलं यावर भांडायला जागा आहे. गंमत म्हणजे हा किरमिझ अमेरिकेतला किडा नव्हेच, तो भूमध्य समुद्राकडच्या ओकच्या झाडांवरचा जुना किडा, नवा आला तरी नाव तेच चिकटलं. आणि कार्माइनच्या शेपटीत लॅटिन मिनियम पण मिसळलंय म्हणतात, मिनियम म्हणजे आपला शेंदूर. मिनिएचर चित्रातलं मिनि पण तेच बरं का, लहान म्हणून नाही!!

पिठलंभाकर: अरे देवा, मी आत्ता घरातली चेरीची बाटली बघितली, रंगाचे नंबर १२२ आणि १२४ लिहिलेत. नेटवर बघितलं तर १२२ म्हणजे कार्मोइसिन आणि १२४ ला चक्क "कॉचिनील रेड ए" म्हणतात. फेकू का?

रंगारी_बुवा: किड्यासाठी फेकू नका, दोन्ही कारखान्यातले सिंथेटिक रंग आहेत, नाव तेवढं किड्याच्या घराण्यातलं. इथेच लोक फसतात. १२० असेल तरच किडा.

माळरान: हा रंग बघायचाय का कुणाला? आमच्याकडे बांधावरच्या फड्या निवडुंगावर पांढरं कापसासारखं चिकटलेलं असतं, त्यातला एक ठिपका काडीने काढून बोटांत चिरडा, बोट असलं जांभळट लाल होतं की साबणाने पण लवकर जात नाही. त्यावर लिंबू पिळलं की नारिंगीकडे झुकतो आणि खायचा सोडा टाकला की जांभळा होतो, मुलं वेडी होतात. हा रानटी भाऊबंद आहे, पेरू देशातला चांगला माल नाही. १७९५ ला इंग्रजांनी असाच एक रानटी किडा खरा कॉचिनील समजून भारतात आणला, रंगाचा धंदा काही झाला नाही पण त्याने इथला एका जातीचा निवडुंगच खाऊन संपवत आणला, आता तण मारायला किडा सोडण्याच्या पुस्तकात ते पहिलं उदाहरण म्हणून देतात 😂

चकलीताई: सगळ्यांना थँक्यू. सासूबाईंना सांगितलं, त्यांनी उठून चूळ भरली आणि वर मलाच म्हणाल्या आधी वाचायचं असतं. पण किरमिजी म्हटल्याबरोबर कपाटातून त्यांचा लग्नातला शालू काढून दाखवला, हा बघ किरमिजी. मी पंधरा वर्षं त्याला मरून म्हणत होते.