शब्दचर्चा : मोटार विम्यातील ‘सक्तीचा’, ‘ऐच्छिक’ आणि ‘पर्यायी’

प्रश्न : गाडीच्या विम्याविषयी सामान्य वाहनमालकांसाठी मराठीत एक माहितीपत्रक लिहीत आहे. कायद्याने घ्यावाच लागतो तो ‘अनिवार्य विमा’ आणि घेणे न घेणे आपल्या हाती असते तो ‘पर्यायी विमा’, असे शब्द मी योजले आहेत. ते योग्य आहेत का? ‘थर्ड पार्टी’ला ‘त्रयस्थ’ म्हणावे की ‘तृतीय पक्ष’? आणि सर्रास ऐकू येणाऱ्या ‘फुल इन्शुरन्स’साठी नेमका शब्द कोणता?

प्रतिसाद : ‘अनिवार्य’ ठेवा, ‘पर्यायी’ मात्र कृपया काढून टाका. पर्याय म्हणजे एकाच्या जागी दुसरे. पर्यायी रस्ता धरला की मूळ रस्त्याने जावे लागत नाही. त्यामुळे ‘पर्यायी विमा’ असे छापले, तर अनिवार्य विम्याऐवजी हा घेतला तरी भागते, असाच अर्थ वाचणारा लावेल आणि तो चुकीचा ठरेल. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा कितीही मोठ्या रकमेचा असला, तरी तो अनिवार्य असलेल्या थर्ड पार्टी विम्याची, म्हणजे दुसऱ्याच्या हानीसाठीच्या विम्याची, जागा घेऊ शकत नाही. तो त्याच्या जोडीलाच असावा लागतो. म्हणून येथे ‘ऐच्छिक’ हा शब्द हवा, आणि मूळ पॉलिसीला जोडल्या जाणाऱ्या ॲड-ऑनसाठी ‘पूरक संरक्षण’.

‘अनिवार्य’ किंवा ‘सक्तीचा’ लिहिताना सक्ती कोणाची, हेही त्याच वाक्यात सांगावे असा माझा आग्रह आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन वापरायचे, तर त्यामुळे दुसऱ्याला होणाऱ्या हानीचा विमा असलाच पाहिजे. तो नसताना वाहन चालवल्यास कलम 196 नुसार पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, 2,000 रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास दंड 4,000 रुपये होतो. ही झाली कायद्याची सक्ती. कर्ज काढून गाडी घेतली, की बँक स्वतःच्या नुकसानीचाही विमा मागते; ती कराराची सक्ती. कायद्याच्या दृष्टीने ऐच्छिक असलेली गोष्ट कर्जदाराच्या दृष्टीने बंधनकारक ठरते, आणि ‘ऐच्छिक’ हा एकटा शब्द वाचून कर्जदाराने ती टाळली, तर तो अडचणीत येईल.

आता ‘थर्ड पार्टी’. विमा हा करार आहे. त्यातला पहिला पक्ष विमा घेणारा, दुसरा पक्ष विमा कंपनी आणि तिसरा पक्ष म्हणजे ज्याची हानी झाली तो बाहेरचा माणूस. कायद्याच्या मराठीत ‘त्रयस्थ पक्ष’ हा शब्द रुळलेला आहे आणि तो चुकीचा नाही. परंतु रोजच्या मराठीत ‘त्रयस्थ’ म्हटले, की ज्याला देणेघेणे नाही असा, अलिप्त माणूस डोळ्यांसमोर येतो. आपण ‘त्रयस्थ नजरेने पाहा’ असे म्हणतो. रस्त्यावर गाडीची धडक बसून जखमी झालेला पादचारी अलिप्त कसा असेल? सर्वांत जास्त झळ त्यालाच लागलेली असते. म्हणून माहितीपत्रकात ‘तृतीय पक्ष’ लिहावे आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘म्हणजे आपल्या वाहनामुळे ज्याची हानी झाली ती व्यक्ती’ असा खुलासा जोडावा. बोलताना सगळे ‘थर्ड पार्टी’च म्हणतात, तेव्हा तो शब्दही देवनागरीत ठेवायला हरकत नाही.

हे समजले, की ‘फर्स्ट पार्टी इन्शुरन्स’ या बोलीतल्या शब्दाचा उगम कळतो. विमा घेणारा पहिला पक्ष असल्याने त्याच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याला लोक तसे म्हणू लागले. पॉलिसीत मात्र त्या भागाचे नाव ‘ओन डॅमेज’ असे असते. विम्याचा तक्ता हातात घेऊन पाहिला, तर हप्त्याचे दोन भाग शेजारी शेजारी मांडलेले दिसतात : एकीकडे ओन डॅमेज, दुसरीकडे लायबिलिटी. मराठीत यांना ‘स्वहानी’ आणि ‘दायित्व’ (तृतीय पक्षाच्या हानीची जबाबदारी) म्हणता येईल. सक्ती आहे ती दायित्वाची. दोन्ही भाग एकत्र असतील, तर ती ‘पॅकेज’ किंवा ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ पॉलिसी. तिला ‘एकत्रित पॉलिसी’ म्हणावे. ‘सर्वसमावेशक’ हा रूढ प्रतिशब्द मला धोक्याचा वाटतो, आणि ‘फुल इन्शुरन्स’ त्याहून अधिक, कारण दोन्हींत ‘सगळे आले’ असे आश्वासन आहे आणि पॉलिसी ते कधीच देत नाही.

एक उदाहरण घेऊ. एकत्रित पॉलिसी असलेल्या गाडीचा प्लास्टिकचा बंपर फुटला आणि नव्या बंपरची किंमत 12,000 रुपये आहे. रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांवर, तसेच टायर आणि बॅटरीवर 50 टक्के घसारा, म्हणजे वापरामुळे किमतीत झालेली घट, धरला जातो, म्हणजे 6,000 रुपये तिथेच वजा झाले. उरलेल्या 6,000 मधून 1,500 सीसीपर्यंतच्या गाडीसाठी आणखी 1,000 रुपये वजा होतात आणि भागाच्या किमतीपोटी हाती पडतात 5,000. ज्याने आपला विमा ‘फुल’ आहे असे ऐकले होते, त्याला हे अन्यायाचे वाटते. कंपनीने नियमाप्रमाणेच केलेले असते, पण शब्दाने त्याला आधीच चुकीची कल्पना दिलेली असते. ही 50 टक्क्यांची कपात टाळण्यासाठी जे पूरक संरक्षण मिळते, त्याला लोक ‘झिरो डेप’ किंवा ‘बंपर टू बंपर’ म्हणतात. ‘शून्य घसारा’ हा मराठी शब्द सोपा आणि अचूक आहे.

पूरक प्रश्न : माझ्या पॉलिसीत ‘कंपल्सरी’ हा शब्द दोन ठिकाणी आहे, एकदा ‘पीए’पुढे आणि एकदा ‘डिडक्टिबल’पुढे. दोन्ही ठिकाणी ‘अनिवार्य’च लिहायचे का?

प्रतिसाद : शब्द एकच वापरला तरी चालेल, पण या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि तृतीय पक्षाच्या विम्याच्या सक्तीशी दोन्हींचा गोंधळ होता कामा नये.

‘पीए’ म्हणजे वैयक्तिक अपघात संरक्षण. गाडीचा मालक स्वतः गाडी चालवताना मृत्यू पावला किंवा कायमचा अपंग झाला, तर त्यासाठी 15 लाख रुपयांपर्यंतचे हे संरक्षण आहे. कायद्याच्या कलम 146 मधली सक्ती ही नव्हे. विमा नियामकाच्या नियमांतून ती आली आहे आणि तिला अपवादही आहेत. मालकाकडे तेवढ्याच रकमेची वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी असेल, तर गाडीसोबत ती पुन्हा घ्यावी लागत नाही. दोन गाड्या असणाऱ्याने दोनदा हप्ता भरण्याचेही कारण नाही. ‘अनिवार्य’ एवढेच छापल्याने लोक हा खर्च निष्कारण दोनदा करतात, म्हणून ‘मालक-चालकाचे वैयक्तिक अपघात संरक्षण (अन्यत्र नसल्यास अनिवार्य)’ असे पूर्ण लिहावे.

‘डिडक्टिबल’ तर मुळात संरक्षणच नाही. नुकसानभरपाईतून मालकाने स्वतः सोसायची ती रक्कम. वरच्या उदाहरणातले 1,000 रुपये ते हेच. 1,500 सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या गाडीसाठी 2,000. याखेरीज हप्ता कमी व्हावा म्हणून मालक आणखी मोठी रक्कम सोसायला तयार होतो, ती ‘व्हॉलंटरी’. ‘अनिवार्य वजावट’ आणि ‘ऐच्छिक वजावट’ हे शब्द रुळले आहेत, तरी ‘स्वतः सोसायची रक्कम’ असे लिहिले, तर पहिल्याच वाचनात कळते. ‘ऐच्छिक वजावट’ वाचून एखाद्याला ती सवलत वाटू शकते.

पूरक प्रश्न : ‘विमा संपला’ या वाक्यात काही अडचण आहे का? आमच्या एका नातेवाइकाला एजंटाने विमा संपल्याचे सांगितले, पण कागदावर तारीख पुढची दिसत होती.

प्रतिसाद : अडचण आहे, आणि ती महत्त्वाची आहे. 1 सप्टेंबर 2018 पासून नवी मोटार विकत घेताना तृतीय पक्षाचा विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो. दुचाकीसाठी ही मुदत पाच वर्षांची आहे. स्वहानीचा भाग मात्र बहुतेक जण एकेक वर्षाचाच घेतात. साहजिकच एकाच कागदावर दोन मुदती असतात. पहिल्या वर्षानंतर एजंट ‘विमा संपला’ म्हणतो तेव्हा संपलेला असतो तो स्वहानीचा भाग; पोलिसांनी अडवले, तर दाखवायचा विमा चालूच असतो. याच्या उलट घोटाळा अधिक वाईट : तीन वर्षांची तारीख पाहून मालक निर्धास्त राहतो आणि गाडी चोरीला गेल्यावर त्याला कळते, की चोरीचे संरक्षण दोन वर्षांपूर्वीच थांबले होते. चोरी आणि आग हे दोन्ही धोके केवळ दायित्वाच्या पॉलिसीत नसतातच. माहितीपत्रकात ‘विम्याची मुदत’ असे मोघम न लिहिता ‘दायित्वाची मुदत’ आणि ‘स्वहानीची मुदत’ अशा दोन स्वतंत्र ओळी द्याव्यात.

जाता जाता ‘नो क्लेम बोनस’विषयी एक गोष्ट. वर्षभर दावा केला नाही, तर मिळणारी ही 20 ते 50 टक्क्यांची सूट फक्त स्वहानीच्या हप्त्यावर असते आणि ती गाडीची नसून विमा घेणाऱ्याची असते. गाडी विकली तरी ती नव्या मालकाकडे जात नाही. त्यामुळे ‘गाडीचा बोनस’ हा बोलीतला प्रयोग माहितीपत्रकात येऊ देऊ नये. ‘विनादावा सवलत’ हा शब्द मी वापरतो, आणि पहिल्या वेळी त्याच्या शेजारी ‘नो क्लेम बोनस’ हेही लिहितो, कारण पॉलिसीवर वाचकाला तेच नाव शोधायचे असते.