हॉस्पिटलच्या पाण्याचा रिपोर्ट ‘पिण्यायोग्य’, तरी लेजिओनेला तपासायचा का?

गच्चीवरचा_माणूस:
गंगापूर रोडला छोटं हॉस्पिटल, मेंटेनन्स माझ्याकडे. महापालिकेचं पाणी तळटाकीत, मग गच्चीवर, पुढे सोलर. रिपोर्ट नेहमी चोख: कोलिफॉर्म नाही, ई-कोलाय नाही. आता छातीचे डॉक्टर म्हणतात लेजिओनेला (न्यूमोनिया करणारा जंतू) तपासा. मालक म्हणतात, धरणाचं क्लोरीन मारलेलं पाणी, उगाच खर्च कशाला? घ्यायचंच झालं तर सॅम्पल कुठून घेऊ?

लॅबवाली_मावशी:
डॉक्टरांचं ऐका. कोलिफॉर्मवरून पाण्यात मैला मिसळलाय का एवढंच कळतं. लेजिओनेलाचा मैल्याशी संबंध नाही. तो तुमच्याच पाइपातल्या बुळबुळीत थरात वाढतो, साधारण २५ ते ४५ अंशांत. श्रावणात चार दिवस ऊन पडलं नाही की सोलरचं पाणी तेवढंच कोमट! वर गरम पाण्यात क्लोरीन टिकत नाही, म्हणून धरणाचं कौतुक इथे चालत नाही. शॉवरच्या तुषारांतून तो थेट छातीत जातो.

सकाळी, वापरात नसलेल्या खोलीतला, सोलरपासून सगळ्यात लांबचा शॉवर धरा. आधी पाणी सोडू नका. लॅबचा पोरगा सवयीने तोटी जाळायला गेला तर हात धरा, तोटीतलाच मळ आपल्याला हवाय. एक लिटरची निर्जंतुक बाटली, आत सोडियम थायोसल्फेट, नाहीतर उरलंसुरलं क्लोरीन वाटेतच जंतू मारतं. मग दोन मिनिटं पाणी सोडून दुसरी बाटली. पहिलीच खराब निघाली तर दोष त्या शॉवरात. दोन्ही खराब, तर टाकी आणि मेन लाइन बघा. कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायला, दहा दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी कल्चर ‘निगेटिव्ह’ देणाऱ्या लॅबला नमस्कार करा.

सातपूर_प्लंबिंग:
सोलरला हीटरचा बॅकअप द्या, टाकी ६० अंशांवर ठेवा. पण तोटीआधी मिक्सिंग व्हॉल्व्ह हवाच, म्हातारे पेशंट भाजतात. आणि जुनी बाथरूम तोडून नुसतं बूच मारलेले पाइप शोधा. पाणी तिथेच सडतं. मुळापासून कापा.

गच्चीवरचा_माणूस:
बूच मारलेले आहेत की, दुसऱ्या मजल्यावर. डायलिसिसचं आरओही याच टाकीवर आहे. तिथेही हीच बाटली चालेल?

लॅबवाली_मावशी:
नाही हो. तिथे कार्बन फिल्टर क्लोरीन काढून टाकतो, पुढे पाण्याला राखण नाही. एकूण जंतू आणि एंडोटॉक्सिन (मेलेल्या जंतूंतूनही सुटणारं विष), दोन्ही मागा. सॅम्पल मशीनला पाणी मिळतं तिथून घ्या, फक्त आरओच्या तोंडाशी नको. चार तासांच्या डायलिसिसमध्ये एका पेशंटच्या रक्ताशेजारून, पातळ पडद्याआडून, १२० लिटरच्या आसपास पाणी जातं, मालकांना हे आधी सांगा.