पहिली-दुसरीच्या मुलांसाठी योगाधारित हालचाली: काय घ्यावे, काय टाळावे?

धागाकर्ती (शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, तासगाव तालुका)

नमस्कार. आमची शाळा द्विशिक्षकी असून पहिली आणि दुसरीचे वर्ग माझ्याकडे एकत्र आहेत. परिपाठानंतरची १० ते १२ मिनिटे रोज मुलांच्या हालचालींसाठी राखून ठेवण्यास मुख्याध्यापकांनी यंदा संमती दिली आहे. २१ जूनला सर्वांना ओळीत बसवून आसने करून घ्यायची, छायाचित्रे पाठवायची आणि पुढे वर्षभर तो विषय काढायचा नाही, असे मला होऊ द्यायचे नाही. वर्गातली काही मुले लिहिताना डाव्या हातावर डोके टेकवून बस्करावर जवळजवळ आडवी होतात, फळ्यावरची ओळ उतरवताना दर दोन-तीन अक्षरांनंतर पेन्सिल खाली ठेवतात आणि रांगेत पुढच्याचा खांदा धरल्याशिवाय स्थिर उभी राहत नाहीत. एका मुलाला फिट्सची गोळी चालू आहे. एका मुलीला डाउन सिंड्रोम आहे आणि तिला सगळे काही इतरांबरोबरच करायचे असते. शहाबादी फरशीची एक खोली, सतरंज्या आणि समोरचे अंगण एवढीच आमची सोय आहे. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मिरज

बाई, लिहिताना आडवी होणारी मुले आळशी असतात असे सहसा समजले जाते. परंतु पोट, पाठ आणि खांद्यांचे स्नायू शरीराला फार वेळ ताठ धरू शकत नसतील, तर मूल हाताचा, भिंतीचा किंवा शेजाऱ्याचा आधार शोधतेच. अशा मुलाला 'नीट बस' म्हटल्याने ते मिनिटभर नीट बसते आणि त्या मिनिटात त्याचे सारे लक्ष बसण्यातच खर्च होते. म्हणून त्या स्नायूंना काम मिळेल अशा हालचाली आधी घ्याव्यात.

सुरुवात जमिनीलगतच्या हालचालींनी करावी. गुडघे आणि तळहात टेकवून मार्जारासनात पाठ वर-खाली करणे, त्याच स्थितीतून उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे लांब करणे, मग बाजू बदलणे, आणि अंगणात अस्वलासारखे चार पायांवर चालणे, या सर्वांत शरीराचे वजन तळहातांवर येते आणि मनगट, कोपर, खांदा हे सांधे भार पेलायला शिकतात. उजव्या हाताने डावा गुडघा आणि डाव्या हाताने उजवा गुडघा शिवण्याचा खेळ संथ लयीत घ्यावा. घाई केली की मुले हात-पाय कसेही हलवतात आणि दोन्ही बाजूंचा मेळ बसण्याचा मूळ हेतू राहून जातो.

तोल हा डोळे, आतला कान आणि स्नायू-सांधे या तिघांकडून मेंदूला येणाऱ्या माहितीवर उभा असतो. वृक्षासन घेताना लहान मुलांना पाय मांडीपर्यंत चढवायला लावू नये. टाच दुसऱ्या पायाच्या घोट्याला टेकवून बोटे जमिनीवरच ठेवू द्यावीत, आणि फळ्याच्या एखाद्या कोपऱ्याकडे बघायला सांगावे. त्या वेळी उभ्या पायाच्या बोटांकडे तुम्ही अवश्य पाहा: काही मुलांची बोटे फरशी घट्ट पकडतात, घोटा आत-बाहेर हलत राहतो आणि श्वास रोखला जातो. अशा मुलाला भिंतीजवळ उभे करून एक बोट भिंतीला लावू द्यावे. साधारणपणे पाच-सहा वर्षांचे मूल एका पायावर १० सेकंदांच्या आसपास उभे राहू शकते, पण हा आकडा मुलांसमोर स्पर्धा म्हणून ठेवू नये.

एक गोष्ट मला स्पष्ट सांगितली पाहिजे. खांदे आणि तळहात बळकट झाले म्हणून अक्षर आपोआप सुधारते असे नाही. अक्षराला अक्षराचाच सराव लागतो. हालचालींनी बसण्याची आणि टिकण्याची क्षमता वाढू शकते, लिखाण मात्र वेगळे शिकवावे लागते. शाळेतील योगाविषयीच्या अभ्यासांत एकाग्रता आणि ताण यांवर उपयोग झाल्याचे दिसते, परंतु त्यांतील बरेच अभ्यास लहान आणि थोड्या काळाचे आहेत. त्यामुळे पालकांना मोठी आश्वासने देऊ नयेत.

आता तुमच्या दोन मुलांविषयी. डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधील सांधा काही मुलांत सैल असतो. म्हणून कोलांटउडी, शीर्षासन, सर्वांगासन, हलासन आणि मान जोराने पुढे किंवा मागे वाकवणारी कोणतीही हालचाल त्या मुलीकडून करून घेऊ नये. डॉक्टरांचा सल्ला येईपर्यंत तरी नाहीच. तिला चालताना अडखळणे, मान दुखणे किंवा हातातली पकड कमी होणे असे नव्याने दिसले, तर विलंब न लावता डॉक्टरांकडे पाठवावे. फिट्स येणाऱ्या मुलाला जलद श्वासाचे प्रकार, म्हणजे कपालभाती आणि भस्त्रिका, अजिबात देऊ नयेत, कारण वेगाने श्वास घेतल्याने काही प्रकारच्या फिट्स सुरू होऊ शकतात. खरे तर या वयाच्या कुणालाच ते नकोत आणि श्वास रोखून धरण्याचा कुंभकही नको. नाकाने श्वास आत, मग भुंग्यासारखा गुणगुणत लांब बाहेर, एवढे पुरते. श्वास बाहेर टाकण्याचा काळ लांबला की हृदयाची गती थोडी मंदावते आणि वर्ग शांत होतो.

निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक, सातारा

ताईंनी सांगितलेले सर्व योग्य आहे. सूर्यनमस्काराविषयी थोडी भर घालतो, कारण आपल्या भागाला त्याचा मोठा वारसा आहे. आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात असलेल्या औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्काराचा आयुष्यभर प्रसार केला आणि आपल्या संस्थानातील शाळांत तो रुजवला. राजवाड्यातील व्यायाम त्यांनी गावच्या मुलांपर्यंत नेला, याचा आम्हा सातारकरांना आजही अभिमान वाटतो.

तरीही पहिली-दुसरीत पूर्ण नमस्कार आकड्यांवर घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. रथसप्तमीच्या निमित्ताने 'किती घातले' यावर भर आला की मुलांची कंबर खाली लोंबते, कोपरे बाहेर जातात आणि भुजंगासनात मान मागे टाकली जाते. आधी एकेक स्थिती स्वतंत्र खेळवावी: पर्वतासनात टाचा आळीपाळीने जमिनीकडे नेणे, भुजंगासनात फक्त छाती उचलून नजर समोर ठेवणे. स्थिती ओळखीच्या झाल्यावर दोन-तीन नमस्कार संथपणे पुरेसे होतात. शहाबादी फरशी थंडीत फार गार असते आणि पावसाळ्यात निसरडी होते. त्यामुळे झोपून करायचे प्रकार सतरंजीवर आणि तोलाचे प्रकार अनवाणी पायांनी कोरड्या जागेत घ्यावेत.

पालक, मिरज

माझ्या दोन शंका आहेत. योगामुळे मैदानावरचा खेळाचा तास कमी तर होणार नाही ना? आणि वर्गात सर्व धर्मांची मुले असताना ॐकार किंवा मंत्र म्हणवून घेणे आवश्यक आहे का?

ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मिरज

पहिली शंका अगदी रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी मध्यम ते जोरकस हालचाल हवी. आसनांनी ती गरज भागत नाही. लंगडी, खो-खो, शिवणापाणी यांच्या वेळेतून एक मिनिटही कापू नये. दुसऱ्या शंकेचे उत्तर असे की, गुणगुणण्याचा परिणाम लांब उच्छ्वासातून आणि आवाजाच्या कंपनांतून होतो. 'म्' हा ध्वनी त्यासाठी पुरेसा आहे आणि आकडे मोजूनही हालचाली करता येतात. एकही मूल बाजूला बसणार नाही, अशीच रीत ठेवावी.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या सोमवारपासून मार्जारासन, विरुद्ध हात-पाय, भिंतीजवळचे वृक्षासन आणि शेवटी गुणगुणणे असा एकच क्रम महिनाभर ठेवते, आणि क्रमाची चित्रे भिंतीवर लावते. त्या मुलीच्या आईला आजच भेटून डॉक्टरांचे मत घ्यायला सांगते. एकच विचारते: पोषण आहारानंतर मुले सुस्त होतात, तेव्हा यातील काही घेता येईल का?

निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक, सातारा

बाई, जेवणानंतर वाकणे, पोटावर झोपणे आणि सूर्यनमस्कार टाळावेत. त्यांना जेवणानंतर तीन-चार तासांचे अंतर लागते. वज्रासनात थोडा वेळ बसणे, खांदे आणि मनगटे फिरवणे आणि लांब उच्छ्वास एवढे घेता येईल. ज्याचे गुडघे किंवा घोटे वज्रासनात दुखतात, त्याला मांडी घालून बसू द्यावे.