विषय: विद्यापीठाचं पत्र आणि भारतात जाणं

प्रेषक: अश्विनी
सोमवार, ३ मे २०२१

मंडळी,
विषय घरचा आहे, तरी सगळ्यांना लिहितेय, कारण दोन दिवस एकटीनं विचार करून डोकं चालेनासं झालंय. बाबा नाशिकला, कोरोनामुळे आठ दिवस ऑक्सिजनवर. २१ एप्रिलला तिथल्या दुसऱ्या एका रुग्णालयात टाकीला गळती लागून माणसं गेली ना, त्याची आईनं इतकी धास्ती घेतलीय की वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक वॉर्डबॉयला विचारते, "ऑक्सिजनचा काटा कुठं आहे?" दादा दुबईत. तिथून भारतात जाता येतं, परत येता येत नाही.

काल विद्यापीठाचं पत्र आलं. लेव्हल ४ (म्हणजे 'प्रवास करू नका') यादीतल्या देशांकडचा, भारत धरून, विद्यापीठाशी संबंधित प्रवास स्थगित, वैयक्तिक प्रवासही टाळावा. वर आज रात्रीपासून भारतातून इथं येण्यावर अमेरिकेच्या अध्यक्षांचा बंदीचा आदेश. मी पीएचडीच्या चौथ्या वर्षाला, एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर. गाईड म्हणाले, घरचं आधी, कागदपत्रांचं तू बघ. मी गेले तर मला काढतील का?


प्रेषक: सुहास
सोमवार, ३ मे

सॅच्युरेशन किती आहे? फोन कर. रात्री कितीही वाजता.


प्रेषक: मेघना
सोमवार, ३ मे

अगं, ते पत्र परत वाच. दुसऱ्या एका विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात मी बारा वर्षं असलीच पत्रं लिहितेय, त्यामुळे कुठला शब्द कुणी घुसवला ते वासावरून कळतं. "विद्यापीठाशी संबंधित" म्हणजे त्यांच्या पैशानं किंवा त्यांच्या कामासाठी: परिषद, फील्डवर्क, ग्रँटमधून काढलेलं तिकीट. त्यासाठी समितीकडून सूट घ्यावी लागते आणि आत्ता भारतासाठी ती कुणी देणार नाही. स्वतःच्या खिशातून आजारी वडिलांकडे जाणं त्यात येतच नाही. "टाळावा" हा वकिलांचा शब्द. उद्या तू तिकडे अडकलीस तर आम्ही आधीच सांगितलं होतं, एवढं म्हणता यावं म्हणून. कुणी काढत नाही.

घोडं अडतं ते परत येताना, आणि ते विद्यापीठाच्या हातात नाही. आज मध्यरात्री १२:०१ पासून, आधीच्या १४ दिवसांत भारतात राहिलेल्या परदेशी माणसाला इथं प्रवेश नाही. अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाले सुटले. विद्यार्थ्यांसाठी एक फट ठेवलीय: १ ऑगस्टला किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या सत्रासाठी येता येईल, पण सत्राच्या ३० दिवसांहून आधी नाही. तुमचं सत्र २३ ऑगस्टला ना? मग २४ जुलैच्या आधी तू इथल्या विमानतळावर दिसायची नाहीस. एच-वन म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांनी मात्र ही फट आपली समजू नये, तुमच्यासाठी ती नाही.

आता तुझे कागद. पासपोर्टावरच्या व्हिसाची तारीख बघ. भारतातल्या नेहमीच्या व्हिसा मुलाखती बंद झाल्यात, त्यामुळे तो संपला असेल किंवा संपत आला असेल तर जाऊच नकोस. आय-२० वर (विद्यापीठानं दिलेल्या प्रवेशाच्या दाखल्यावर) प्रवासाची सही वर्षभरातली हवी. हल्ली ती ईमेलनं येते आणि चालते.

आणि पगार, ज्याचं कुणी नाव काढत नाही! उन्हाळ्याचं आरए (रिसर्च असिस्टंटचं काम) आहे ना तुझं? बहुतेक ठिकाणी भारतात बसून केलेल्या कामाचे पैसे पेरोलमधून देत नाहीत. टॅक्सची भानगड, तंत्रज्ञान देशाबाहेर नेण्याच्या निर्यात-नियमांची भानगड. गाईड "कर गं तिकडून" म्हणाले तरी विभागाच्या ऑफिसाकडून लेखी घे. लॅबचा लॅपटॉप न विचारता नेऊ नकोस. आमच्याकडे एकानं नेला, पुढचे दोन महिने माझे त्यात गेले.


प्रेषक: वसंतकाका
मंगळवार, ४ मे

मेघनाचं सगळं बरोबर आहे, तरी मी म्हणेन, जाऊ नकोस.

मे २००३ मध्ये, सार्सच्या साथीच्या वेळी, कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठानं चीन, हाँगकाँग, तैवान आणि सिंगापूरहून उन्हाळी वर्गांना येणाऱ्या मुलांना नको म्हटलं. ओरड झाल्यावर काही दिवसांत नियम थोडा सैल केला. मी तेव्हा शिकवत होतो आणि स्टाफरूममध्ये बसून "योग्यच केलं" म्हणालो होतो. आपली मुलं त्यात नव्हती, म्हणायला काय जातं? गेल्या वर्षीचं तर तुम्हाला आठवतच असेल. ६ जुलैला परदेशी विद्यार्थ्यांना सरकारचं फर्मान, सगळे वर्ग ऑनलाइन असतील तर देश सोडा. हार्वर्ड आणि एमआयटी कोर्टात गेले, १४ जुलैला फर्मान मागे. आठ दिवसांत दोन तऱ्हा! म्हणून म्हणतो, आज दाखवलेली फट २४ जुलैलाही उघडी असेल, असं धरून चालू नये. शिवाय बाबांच्या वॉर्डात तुला कोण सोडणार? तू इथून पैसे आणि फोन सांभाळ.


प्रेषक: मेघना
मंगळवार, ४ मे

काका, वॉर्डात नाही, बाकावर बसायला जातेय ती.


प्रेषक: कार्यवाह
मंगळवार, ४ मे

शनिवारचा झूमवरचा गाण्यांचा कार्यक्रम पुढे ढकलला आहे. या परिस्थितीत कुणालाच गावंसं वाटत नाही. अध्यक्षांच्या आदेशावर कुणाला राजकीय मत मांडायचं असेल तर कृपया आपापसात मांडा, इथे नको. कालपासून असल्या दोन मेल अडवल्या आहेत.


प्रेषक: अश्विनी
गुरुवार, ६ मे

सगळ्यांना एकत्रच लिहिते.

व्हिसा जुलै २०२२ पर्यंत आहे. आय-२० वरची सही वीस मिनिटांत ईमेलवर आली, इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. पगाराचं मेघनाताई म्हणाल्या तसंच निघालं. विभागातल्या बाई फोनवर म्हणाल्या, "गाईडना चालत असेल तर आम्हाला चालेल." लेखी मागितल्यावर एका ओळीचं उत्तर आलं, नाही. म्हणजे ऑगस्टपर्यंत बिनपगारी. लॅपटॉप परत केला.

काका, तुमचं म्हणणं रात्रभर डोक्यात होतं. २४ जुलैला काय होईल ते मला ठाऊक नाही. पण काल आईनं पहिल्यांदाच "येऊ नकोस" म्हटलं नाही. नुसतं विचारलं, "तिकडे आत्ता किती वाजले?"

शनिवारी नेवार्कहून मुंबई. माझे दोन्ही डोस झालेत. उद्या सकाळी आरटी-पीसीआर. ७२ तासांच्या आतला रिपोर्ट एअर सुविधा या भारत सरकारच्या प्रवाशांसाठीच्या संकेतस्थळावर चढवायचा आहे, तो फॉर्म आधी कुणी भरला असेल तर मला फोन करा, माझा तिसऱ्या पानावर अडकतोय. बाबा दहा लिटरवरून सहावर आलेत. सुहासदादा रोज रात्री तिथल्या डॉक्टरांशी बोलतायत, त्यांचे आभार कसे मानू कळत नाही.

घराची किल्ली कुणाकडे ठेवू? तुळशीला एक दिवसाआड पाणी लागतं. टपालात विद्यापीठाचं काही आलं तर खुशाल फोडा आणि मला फोटो पाठवा.